लिबर्टीतलं गोठलेलं कारंजं

मरीन लाइन्सजवळचं लिबर्टी हे मुंबईतलं सर्वांत देखणं चित्रपटगृह आहे, असं माझं ठाम मत आहे. रीगल (१९३३) वयानं थोरलं, इरॉस (१९३८) दिसायला भारदस्त. पण ही दोन्ही थिएटरं मुख्यतः इंग्रजी चित्रपटांसाठी उभी राहिली, आणि हाकेच्या अंतरावरचं मेट्रो तर हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीनं आपलेच चित्रपट दाखवायला बांधलं. गालिचे, रुंद जिने, थंड हवा हा सगळा थाट इंग्रजी पडद्याचा. हिंदी चित्रपटाच्या प्रेक्षकाला तो हक्कानं मिळाला तो लिबर्टीत. हबीब हुसेन यांनी १९४७ मध्ये काम सुरू केलं, नावही त्या वर्षाला साजेसं ठेवलं, आणि १९४९ मध्ये मेहबूब खान यांच्या ‘अंदाज’नं इथला पहिला खेळ झाला.

आराखडा रिडली अॅबट यांचा. विमान अपघातात ते गेले, मग जे. बी. फर्नांडिस यांनी इमारत पुरी केली. अंतर्भाग सजवला तो वामन नामजोशी यांनी, आणि खरं रसग्रहण करायचं ते नामजोशींच्या कामाचं. म्हणून बाहेरच्या दर्शनी भागाजवळ फार रेंगाळू नये. सरळ प्रेक्षागृहात शिरावं, तेही खेळ सुरू होण्याच्या बरंच आधी.

लिबर्टी ज्या आर्ट डेको शैलीतलं, तिला गोठलेल्या कारंज्याची नक्षी फार लाडकी. १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात रने लालिक यांनी काचेचं उंच कारंजं उभारलं होतं, तेव्हापासून उसळून थबकलेल्या पाण्याचा हा आकार लोखंडी जाळ्यांपासून दागिन्यांपर्यंत सगळीकडे उमटत गेला. बहुतेक ठिकाणी तो भिंतीवर डकवलेल्या शोभेसारखा राहतो. नामजोशींनी त्याला कामाला लावलं. इथे प्लास्टरचे थर पायरीपायरीनं वर चढतात, वळतात आणि पडद्याकडे सरकत जातात. दिवे थरांच्या आड दडवलेले. दिवा कुठेच दिसत नाही, दिसतो तो फक्त उजेड, एका थरावरून दुसऱ्यावर ओघळणारा. त्यामुळे स्थिर प्लास्टरला पाण्याची चाल येते. खुर्चीत बसल्यावर नजर आपोआप कडेकडून मध्याकडे जाते. कुणी काही न सांगता आपण पडद्याची वाट पाहू लागतो.

तेव्हाचं पडद्यावरचं चित्र जवळजवळ चौरस असे, आजच्यासारखं आडवं पसरलेलं नव्हे. बाराशे माणसांच्या दालनात ते लहान वाटण्याचा धोका होता. भोवतीच्या उजळ थरांनी त्याला महिरप दिली. गाभाऱ्यातली मूर्ती लहान असूनही प्रभावळीमुळे भरून दिसते, तसं ते चित्र भरून दिसलं असणार. शिवाय अशा उंचसखल पृष्ठभागावर आवाज आपटून सरळ परत येत नाही, विखुरतो. भिंतींना लावलेलं लाकूडही आवाजाला सांभाळून घेतं. संवाद आणि गाणी यांवर जगणाऱ्या चित्रपटाला याहून मोठी सोय कोणती? डोळ्यांना जी नक्षी वाटते ती कानांसाठीही राबते आहे, हे कळलं की नामजोशींबद्दलचा आदर दुणावतो.

पुढे १९७६ मध्ये जयपूरचं राज मंदिर उघडलं, तेही नामजोशींचंच. लोक त्यावर जास्त लुब्ध असतात. तिथल्या लॉबीतला उमाळा मलाही मोहवतो, पण प्लास्टर तिथे जरा अधिकच गोड झालं आहे. लिबर्टीत त्यांनी हात आवरला. ऐश्वर्य आहे, पण कुठेही लगट नाही. १९९४ चा ‘हम आपके हैं कौन’ इथे शंभराहून अधिक आठवडे चालला. लोक माधुरीसाठी आले हे खरंच, पण त्या चित्रपटातल्या सजलेल्या लग्नघराला शोभेल असं दालन शहरात दुसरं नव्हतं, हेही तितकंच खरं.

आज एवढ्या खुर्च्या रोज भरणं एकपडदा चित्रपटगृहाला झेपत नाही, आणि असं प्लास्टर दुरुस्त करायला जुना कसबी हातच लागतो. नट, गायक, संगीतकार यांच्यावर मराठीत आपण भरभरून लिहिलं. नामजोशींवर मात्र आराखडे, छायाचित्रं आणि थरांच्या मापांसकट एक जाडजूड पुस्तक मराठीत यायला हवं, आणि ते या भिंती धड आहेत तोवरच यायला हवं.