तलवार मिळाली, काठी हरवली

यंदा पेसाहच्या आठवडाभर आधी आमच्या घरी नातवंडे जमली होती. मोशे राबेनूचा सिनेमा पाहायचा, असा त्यांचा हट्ट. म्हणून रिडली स्कॉट यांचा 2014 सालचा ‘एक्झोडस : गॉड्स अँड किंग्ज’ हा गाजलेला चित्रपट आम्ही त्यांच्यासोबत बसून पाहिला. अडीच तास डोळे दिपले, मन मात्र कोरडेच राहिले.

आधी चांगले सांगतो. मिसरची नगरे, फारोचे रथ, बेडकांचा सुळसुळाट, टोळधाड हे सर्व पाहताना खर्च कोठे झाला ते कळते. ज्येष्ठ पुत्रांच्या मृत्यूची रात्र तर खरोखर चटका लावते. एक सावली नगरावरून सरकते, दिवे विझतात आणि सकाळी रामसेस आपले मेलेले बाळ हातांवर घेऊन उभा राहतो. तेथे आम्हांला तो शत्रू वाटला नाही, बाप वाटला. साऱ्या चित्रपटात मनाला भिडलेला प्रसंग तो हाच, आणि त्यात देखावा जवळजवळ नाही.

बाकी ठिकाणी मात्र देखाव्याने कथा गिळली आहे. शिफ्रा आणि पुआ या सुइणी फारोची आज्ञा मोडतात, आई बाळाला टोपलीत घालून नदीकाठी ठेवते, बहीण दुरून पाहत राहते. सुटकेची सुरुवात या बायकांच्या धैर्याने होते. चित्रपट सुरू होतो तेव्हा मोशे मोठा झालेला असतो आणि लढाईला निघतो. मिर्यामच्या वाट्याला दोन-चार क्षण येतात.

तोरातील मोशेची जीभ जड आहे. परमेश्वर बोलावतो तेव्हा तो मागे सरतो, दुसऱ्या कोणाला पाठव म्हणतो. त्याच्या वतीने बोलायला अहरोन लागतो. हातात असते ती मेंढपाळाची काठी. क्रिश्चन बेल यांनी रंगवलेला मोशे सेनापती आहे. तो तलवार बाळगतो आणि आपल्या लोकांना धनुष्यबाण चालवायला शिकवतो. अहरोन कोठे आला, कोठे गेला, लक्षातही राहत नाही. परमेश्वराच्या वतीने बोलायला एक रागीट लहान मुलगा आणला आहे, तो आम्हांला अजिबात रुचला नाही.

समुद्राचा प्रसंग पाहा. तोरातही रात्रभर पूर्वेचा वारा वाहतो, म्हणून निसर्गाचा आधार घेतला याला आमचा आक्षेप नाही. पण तेथे मोशे हात उगारतो. नहशोन पाणी दुभंगण्याआधीच त्यात उतरला, असे आपले राबी सांगतात. चित्रपटात मोशे निराश होऊन तलवार समुद्रात फेकतो, झोपी जातो, आणि जागा होतो तो पाणी ओसरू लागलेले. लाटा प्रचंड आहेत, पण विश्वासाने टाकलेले ते पहिले पाऊल कोठे आहे?

कोणी म्हणेल, तुम्हां म्हाताऱ्यांना भव्यताच सोसत नाही. तसे नाही. सेसिल डिमिल यांचा 1956 सालचा ‘द टेन कमांडमेंट्स’ आमच्यापैकी पुष्कळांनी मुंबईत पाहिला आहे. तोही भव्य, साडेतीन तासांहून मोठा, आणि त्यात पदरचेही बरेच घातलेले. पण त्यात टोपली होती, आई होती, काठी होती. समुद्र दुभंगेपर्यंत आपण त्या माणसांबरोबर चाललेलो असतो.

आणि आपले कीर्तन आठवा. एकोणिसाव्या शतकात आपल्या वडीलधाऱ्यांनी हिंदू शेजाऱ्यांची कीर्तनाची रीत उचलली आणि तोरातील कथा मराठीत गाऊ लागले. पडदा नाही, रथ नाहीत. एक कीर्तनकार, साथीला पेटी, आणि साकी-दिंडीच्या चाली. मोशेचे आख्यान लागले की बाळाची टोपली पाण्यावर तरंगताना बायका पदराने डोळे पुसत. कोकणातल्या घरी पेसाहला बोकडाच्या रक्तात हात बुडवून कागदावर पंजा उठवीत आणि तो दाराला लावीत. एवढ्याशा खुणेने मिसरची ती रात्र मुलांच्या अंगावर काटा आणीत असे.

सेदरच्या रात्री आमच्या धाकट्या नातवाने हिब्रूत विचारले, “सबा, मोशेची तलवार कोठे आहे?” सगळे हसले. आम्हांला हसू आले नाही. चूक त्याची नव्हती. त्याला कथा सांगणारे आधी आम्ही असायला हवे होतो, पडदा आमच्या आधी पोहोचला.

हगादा म्हणजे सांगणे. पुण्याला 1874 साली मराठी अर्थासह हगादा छापला गेला, तो पुढच्या पिढीला कथा समजावी म्हणूनच. आज नातवंडांना मराठी येत नाही, तर हिब्रूत सांगू, मोडकीतोडकी का होईना. मोशेची जीभही जडच होती. त्या रात्री आम्ही पुस्तक बाजूला ठेवले आणि टोपलीपासून सुरुवात केली. काठीपर्यंत पोहोचायला उशीर झाला, पण नातू जागा होता.