‘एव्हरी डे द सेम ड्रीम’ : पुनरावृत्ती, बंड आणि खेळणारा वाचक

प्रास्ताविक :
कार्यालयीन जीवनातील तोचतोचपणा हा आधुनिक साहित्याचा परिचित विषय आहे. फ्रान्झ काफ्का यांच्या ‘मेटामॉर्फसिस’ (१९१५) मधील ग्रेगोर सामसा किड्यात रूपांतरित झाल्यावरही आधी चुकलेल्या आगगाडीची चिंता करतो. अशी पराधीनता कथेत वाचकाला सांगितली जाते. व्हिडिओ गेममध्ये मात्र ती त्याच्याकडून करवून घेता येते. पाओलो पेडर्चिनी या इटालियन कलावंताने ‘मोलेइंडस्ट्रिया’ या नावाने २००९ साली निर्माण केलेल्या ‘एव्हरी डे द सेम ड्रीम’ या छोट्या प्रायोगिक खेळाचा विचार प्रस्तुत लेखात याच दृष्टीने केला आहे.

खेळाची रचना :
करड्या रंगाच्या जगात चेहरा नसलेला एक पुरुष गजराने जागा होतो. कपडे चढवतो. स्वयंपाकघरातील पत्नी उशीर झाल्याची जाणीव करून देते. लिफ्ट, मोटार, वाहतुकीची कोंडी, साहेबांची बोलणी आणि हुबेहूब एकसारख्या कर्मचाऱ्यांच्या रांगेतील आपली खुर्ची, एवढाच त्याचा दिवस. खुर्चीवर बसताच पुन्हा सकाळ होते. खेळणाऱ्याच्या हाती बाणांच्या कळा आणि आणखी एक कळ एवढेच असते. जेसी स्टाइल्स यांचे आवर्तनी संगीतही त्याला या चक्रातून बाहेर पडू देत नाही.

लिफ्टमधील वृद्धा मात्र सुचवते की, आणखी पाच पावले टाकल्यास तो नवा माणूस होईल. ही पावले म्हणजे नित्यक्रमातील पाच विचलने होत : कपडे न घालता कामावर जाणे, कोंडीत मोटारीतून उतरून गाय कुरवाळणे, विरुद्ध दिशेने जाऊन बेघर माणसासोबत स्मशानभूमी गाठणे, झाडावरून गळणारे पान झेलणे आणि इमारतीवरून उडी घेणे.

लयतत्त्वाच्या आधारे :
बा. सी. मर्ढेकर यांनी सौंदर्याची मीमांसा करताना संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे नियम मांडले. या खेळाची घडण समजून घेण्यास ते उपयुक्त ठरतात. रोजची सकाळ हा येथील संवाद, तर प्रत्येक विचलन हा विरोध होय. साहजिकच शेवटी समतोलाची अपेक्षा निर्माण होते. तथापि पाचवे पाऊल टाकल्यावर खेळणारा जागा होतो तो निर्मनुष्य जगात. पत्नी नाही, साहेब नाहीत, सहकारी नाहीत. मार्ग मात्र तोच. छतावर त्याच्याचसारखी एक आकृती उडी घेते आणि खेळ संपतो. आजवर कृती करणारा येथे केवळ प्रेक्षक उरतो.

या शेवटाचे मर्म ‘पाच’ या संख्येत आहे, असे प्रस्तुत लेखिकेला वाटते. बंडाची पावले मोजून दिली की बंड हेही नेमून दिलेले काम होते. खेळणारा उरलेली पावले शोधू लागतो, तेव्हा तो नकळत कर्मचाऱ्याच्याच वृत्तीने वागत असतो : किती झाली, किती राहिली! म्हणूनच त्या रिकाम्या जगात मुक्तीपेक्षा पूर्ण झालेल्या कामाची पोकळीच अधिक जाणवते. हा अर्थ कोणत्याही संवादात सांगितलेला नाही. तो खेळणाऱ्याच्या स्वतःच्या कृतीतून सिद्ध होतो.

मर्यादा :
या कृतीच्या दोन मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. एक, पत्नी ही नायकाला कामावर धाडणारी आकृती एवढीच राहते. तीही रोज त्याच जागी उभी असते; तिच्या तोचतोचपणाला एकही विचलन लाभत नाही. दोन, पान झेलणे आणि जीव देणे यांची एकाच हिशेबात गणना होते. त्यामुळे मृत्यूचे गांभीर्य उणावते. हिशेबी वृत्तीवरील टीका म्हणून याचे समर्थन करता येईल. परंतु ते पूर्णतः समाधानकारक नाही.

निष्कर्ष :
हा खेळ मूळ ज्या फ्लॅश तंत्रावर आधारलेला होता, त्याला मिळणारे साहाय्य २०२० च्या अखेरीस थांबले. अशा कृती तंत्राबरोबर विस्मृतीत जाऊ शकतात. त्यांची समीक्षा म्हणूनच निकडीची ठरते. ‘खेळ’ म्हणून त्यांना साहित्यविचाराबाहेर ठेवल्यास, वाचकाच्या कृतीतून घडणाऱ्या अर्थाचा एक महत्त्वाचा प्रकार आपल्या अभ्यासातून निसटेल. मराठी समीक्षेपाशी लयविचारासारखी साधने आहेत. ती या नव्या माध्यमावर पारखून पाहिली पाहिजेत.