'ला बूश' : आवाज, चेहरा आणि श्रेय

प्रस्तावना :
१९९० च्या दशकात युरोपात 'युरोडान्स' हा नृत्यसंगीताचा प्रकार लोकप्रिय झाला. यांत्रिक ताल, पुरुषाचे रॅप आणि स्त्रीने गायलेले ध्रुवपद ही त्याची ठळक लक्षणे होत. मेलनी थॉर्नटन व लेन मॅक्रे या अमेरिकन कलावंतांचे जर्मनीत घडलेले 'ला बूश' हे गायकद्वय या प्रकारातील महत्त्वाचे नाव होय. प्रस्तुत लेखात त्यांच्या कारकिर्दीचा विचार आवाजाच्या श्रेयाच्या अंगाने केला आहे.

पार्श्वभूमी :
या द्वयामागे निर्माता फ्रँक फारियन (१९४१–२०२४) होता. 'बोनी एम.'मध्ये मंचावर बॉबी फॅरेल ओठ हलवीत असे. ध्वनिमुद्रणातील आवाज मात्र फारियनचा असे. 'मिली व्हॅनिली'च्या दोघा तरुणांनी आपली गाणी गायलीच नव्हती, हे १९९० मध्ये उघड झाले आणि त्यांचा ग्रॅमी पुरस्कार काढून घेण्यात आला. त्यानंतर उभ्या राहिलेल्या द्वयाचे नाव 'ला बूश', म्हणजे फ्रेंच भाषेत 'तोंड', असावे, हे सूचक आहे.

विवेचन :
'स्वीट ड्रीम्स' (१९९४) पाठोपाठ आलेले 'बी माय लव्हर' (१९९५) जर्मनीत पहिल्या, तर अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. या गीतातील शब्द साधे आहेत. परंतु थॉर्नटनचा खुला, भरदार आवाज यांत्रिक तालाला मानवी ऊब देतो. मॅक्रेचे रॅप त्या आवाजाला उठाव देते. येथे गाणारी आणि दिसणारी व्यक्ती एकच आहे.

तथापि, एवढ्यावरून जुनी प्रथा संपली असे म्हणता येत नाही. याच काळात फारियनच्याच 'ल क्लिक' या गटाच्या 'टुनाइट इज द नाइट' या गीतात आवाज थॉर्नटनचा होता. चित्रफितीत चेहरा मात्र कायो शेकोनीचा दिसतो. म्हणजे एकाच गायिकेचा आवाज एकीकडे तिची ओळख ठरला, तर दुसरीकडे केवळ कच्चा माल. ही विसंगती युरोडान्सच्या निर्मितिव्यवस्थेतच दडलेली आहे. तिच्यात निर्माता कर्ता असतो आणि गायक बदलता येण्याजोगा घटक ठरतो.

२००० मध्ये थॉर्नटन द्वयातून बाहेर पडली. २००१ मध्ये 'रेडी टू फ्लाय' हा तिचा स्वतंत्र संग्रह आला. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला झुरिकजवळील विमान अपघातात २४ जणांचा मृत्यू झाला. त्यांत तीही होती.

समारोप :
'ला बूश'चे यश म्हणजे आवाजाला चेहरा परत मिळण्याची घटना होय; परंतु ती अपुरी राहिली. स्वतःच्या नावाने गाण्यासाठी थॉर्नटनला ते द्वय सोडावे लागले आणि त्यानंतर तिला फार थोडा अवधी मिळाला. म्हणून या गीतांचे मूल्यमापन करताना विक्रीच्या क्रमांकांपेक्षा त्यांतील आवाजाला अग्रस्थान देणे न्याय्य ठरेल.