पत्ता नसलेला प्रवासी : ‘ओपनटीटीडी’तील रेल्वे आणि कार्यक्षमतेचा हिशेब

ख्रिस सॉयर या स्कॉटिश प्रोग्रॅमरचा ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ हा संगणकीय खेळ १९९४ मध्ये बाजारात आला आणि पुढच्याच वर्षी त्याची ‘डिलक्स’ आवृत्ती निघाली. खेळाडूने वाहतूक कंपनी काढायची, कर्ज उचलायचे, नकाशावरच्या खाणी, कारखाने आणि गावे रूळ, रस्ते, जहाजे, विमाने यांनी जोडायची आणि नफा कमवायचा, एवढीच त्याची मांडणी. त्याच्या बरोबरीचे बहुतेक खेळ आज केवळ आठवणीत उरले आहेत. हा मात्र टिकला. २००४ मध्ये लुडविग स्ट्रिगियस या स्वीडिश प्रोग्रॅमरने त्याची यंत्रणा उलगडून नव्याने लिहिली आणि ‘ओपनटीटीडी’ या नावाने सर्वांना मोफत खुली केली. तेव्हापासून स्वयंसेवकांच्या अनेक पिढ्या तो खेळ वाढवत आल्या आहेत.

तीस वर्षांहून अधिक काळ एखादी कृती लोकांना धरून ठेवते, तेव्हा ती कशामुळे धरून ठेवते हे तपासायला हवे. त्याचबरोबर ती आपल्याला नकळत काय शिकवते, हेही पाहायला हवे. या खेळातून बाहेर पडणारा माणूस ‘कार्यक्षम रेल्वे’ म्हणजे काय याची एक पक्की कल्पना घेऊन बाहेर पडतो. ती कल्पना कुठवर खरी आहे आणि कुठे ती अर्धवट राहते, हा या लेखाचा विषय.

जागेची टंचाई

खेळात चारही प्रकारची वाहतूक असली तरी मुरलेले खेळाडू रमतात ते रेल्वेत. याचे कारण खेळाच्या रचनेतच आहे. इथली जहाजे एकमेकांतून आरपार निघून जातात. विमाने आकाशात एकमेकांना अडवत नाहीत, त्यांची कोंडी होते ती विमानतळावर. बस पुढच्या बसला ओलांडू शकते. आगगाडीला मात्र बाजूला सरकता येत नाही. रुळाच्या एका तुकड्यावर एका वेळी एकच गाडी राहू शकते. हा एकच नियम खेळाला खोली देतो, कारण त्यामुळे प्रत्येक गाडी दुसऱ्या प्रत्येक गाडीचा प्रश्न बनते.

सिग्नल हे या टंचाईचे वाटप करण्याचे साधन. दोन सिग्नलांमधला रूळ म्हणजे एक ब्लॉक. त्यात गाडी असेल तर मागचा सिग्नल लाल. समजा, गाडी पाच चौकोन लांब आहे. सिग्नल दर दोन चौकोनांवर असतील, तर एक गाडी साधारण सात-आठ चौकोन अडवते. तेच सिग्नल दर दहा चौकोनांवर असतील, तर पंधरा. इंजिन तेच, रूळ तोच, खर्चही जवळपास तोच, आणि तरी त्या मार्गाची क्षमता निम्म्यावर येते. नवखा खेळाडू कोंडी झाली की वेगवान इंजिन घेतो किंवा आणखी एक रूळ टाकतो. जाणता खेळाडू आधी सिग्नल मोजतो. बोगद्यात आणि पुलावर सिग्नल लावता येत नाही, म्हणून लांब बोगदा हा सरळ मार्गावरही अडसर ठरतो, हे त्याला ठाऊक असते.

यापुढचा धडा जंक्शनचा आहे. दोन मार्ग एकत्र येतात तिथे फाट्यावरची गाडी शून्यातून वेग घेत मुख्य मार्गावर शिरते आणि मागून भरधाव येणाऱ्या गाड्यांची रांग खोळंबते. एक गाडी थांबली की तिच्या मागची थांबते आणि हा थांबा लाटेसारखा मागे सरकत जातो. जंक्शन ओलांडल्यावर लगेच सिग्नल लावला आणि तो लाल असला, तर गाडीचे तोंड सिग्नलपाशी आणि शेपूट जंक्शनवर, अशी ती उभी राहते. मग चारही दिशा बंद. म्हणून जंक्शननंतरचा पहिला सिग्नल निदान एका गाडीच्या लांबीइतका पुढे हवा. रेल्वेजाळ्याची क्षमता सरळ रुळावर ठरत नाही, मार्ग जिथे एकमेकांना छेदतात तिथे ठरते, ही गोष्ट हा खेळ जितक्या स्पष्टपणे दाखवतो तितकी क्वचितच कुठले पुस्तक दाखवेल.

या कलेचा मोठा भाग सॉयरने दिलेला नाही, हेही नोंदवायला हवे. १९९४ च्या खेळात फक्त दुतर्फा सिग्नल होते. एकतर्फी सिग्नल ‘डिलक्स’ आवृत्तीत आले, आणि जाण्यायेण्याचे रूळ वेगळे ठेवणारी शिस्तबद्ध रचना तेव्हा सोपी झाली. पुढचे फलाट भरलेले आहेत का ते पाहून मगच गाडीला आत सोडणारे पूर्व-सिग्नल खेळाडूंनीच तयार केलेल्या ‘टीटीडीपॅच’ने आणले. अख्खा ब्लॉक न अडवता गाडीपुरती वाट राखून ठेवणारे मार्ग-सिग्नल ‘ओपनटीटीडी’च्या ०.७ या आवृत्तीत, २००९ मध्ये आले. त्यामुळे एकाच जंक्शनवर वाटा न छेदणाऱ्या दोन गाड्या एकाच वेळी जाऊ लागल्या. एखादी कृती वाचकांनी पुढे लिहीत न्यावी तसे हे झाले. काही खेळाडूंनी तर सिग्नल आणि नुसत्या फिरत्या गाड्या वापरून तर्कशास्त्रातली ‘आणि’, ‘किंवा’ ही द्वारे रुळांवर उभी केली आहेत.

हिशेबातून वगळलेले

प्रत्येक प्रतिकृती काहीतरी वगळते. वगळणे हा दोष नव्हे, पण काय वगळले यावरून प्रतिकृती कोणाच्या नजरेतून घडली ते कळते.

पहिली वगळलेली गोष्ट ब्रेक. या खेळात लाल सिग्नल दिसला की गाडी जागच्या जागी थांबते. खऱ्या रेल्वेत शेकडो टन वजनाची गाडी थांबायला बरेच अंतर लागते आणि सिग्नलांमधले अंतर प्रामुख्याने त्यावरून ठरते. खेळात ते बंधन नसल्याने सिग्नल जितके दाट तितके बरे, असे सोपे उत्तर निघते. रेल्वे-अभियांत्रिकीचा निम्मा इतिहास सुरक्षितता आणि क्षमता यांच्या ओढाताणीचा आहे. खेळात ती ओढाताण उरतच नाही.

दुसरी गोष्ट घड्याळ. इथल्या गावांमधून प्रवासी दिवसभर, वर्षभर सारख्याच गतीने निघतात. सकाळची गर्दी नाही, संध्याकाळची नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेकडे पाहणाऱ्याला हे लगेच जाणवते, कारण तिथला मूळ प्रश्नच असा आहे की लाखो माणसांना ठरावीक दोन-तीन तासांत एकाच दिशेला जायचे असते. त्या तासांसाठी लागणारे रूळ आणि डबे उरलेल्या वेळी पुरेसे वापरले जात नाहीत. ज्या जाळ्यात गर्दीची वेळच नाही, तिथे ही अडचण उद्भवत नाही आणि ती सोडवण्याची कलाही विकसित होत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट भाड्याची. खेळातले उत्पन्न तीन गोष्टींवर ठरते : माल किती, दोन स्थानकांमधले अंतर किती आणि वेळ किती लागला. अंतर रुळाचे नव्हे, नकाशावरचे. कोळशाला उशिराची फारशी झळ लागत नाही, प्रवाशांना आणि टपालाला लवकर लागते. यातून निघणारा व्यवहार पाहा. खाणीशेजारी वीजकेंद्र असले, तरी कोळसा शंभर चौकोन पलीकडच्या वीजकेंद्राला नेणे फायद्याचे. कारण पैसे गरजेचे मिळत नाहीत, अंतराचे मिळतात. वीजकेंद्राला कोळसा मिळाला काय आणि न मिळाला काय, शेजारच्या गावाला त्याचा पत्ताही लागत नाही.

प्रवासी कुठे निघाला होता?

हाच नियम प्रवाशांना लावला की खेळाची खरी मर्यादा दिसते. मूळ ‘ट्रान्सपोर्ट टायकून’मध्ये प्रवाशाला जायचे ठिकाण नव्हते. तो स्थानकावर येई, जी गाडी येईल तिच्यात बसे आणि जिथे माणसे उतरवून घेतली जातात अशा पहिल्या थांब्यावर उतरे. त्याला परत यायचे नसे. कोळसा आणि माणूस यांच्यात फरक होता तो दराचा आणि घाईचा.

म्हणून प्रवासी रेल्वेचा उत्तम आराखडा ठरला तो असा : नकाशाच्या दोन टोकांना असलेली दोन मोठी शहरे घ्या आणि त्यांच्यामध्ये कुठेही न थांबणारी गाडी सोडा. वाटेतल्या गावी गाडी थांबवली तर सगळे प्रवासी तिथेच उतरतात, अंतर तुटते आणि उत्पन्न घटते. म्हणजे मधल्या गावांना वगळणे ही इथे चूक नाही, कौशल्य आहे. वर्षानुवर्षे खेळाडूंनी जी ‘आदर्श’ जाळी बांधली, त्यांतली अनेक या गृहीतकावर उभी आहेत.

२०१४ मध्ये १.४ ही आवृत्ती आली आणि तिच्यात मालाच्या वाटपाची एक नवी सोय आली. ती सुरू केली की प्रत्येक प्रवाशाला जायचे ठिकाण मिळते. जोडलेल्या सर्व स्थानकांमध्ये मागणी वाटली जाते, गरज पडल्यास प्रवासी मध्ये गाडी बदलतो आणि ‘सममित’ पर्याय निवडला तर जितके जातात साधारण तितकेच परत येतात. प्रोग्रॅमच्या दृष्टीने ही एक सुधारणा होती. खेळाच्या अर्थाच्या दृष्टीने तो मोठा बदल होता.

कारण रूळ, सिग्नल, इंजिने काहीही न बदलता, कालचे कार्यक्षम जाळे आज कोलमडू लागले. साधी आकडेमोड करा. दहा स्थानके एकमेकांना जोडली तर ‘इथून तिथे’ अशा ९० जोड्या होतात. वीस स्थानके जोडली तर ३८०. स्थानके दुप्पट झाली, जोड्या चौपटीहून अधिक. हे सगळे प्रवासी मधल्या बदलीच्या स्थानकावर येऊन आदळतात. आता मधले गाव वगळण्याची गरज उरत नाही, कारण तिथे गाडी थांबली तरी लांबचा प्रवासी उतरत नाही. उलट प्रश्न असे येतात : जलद आणि धिमी गाडी वेगळी ठेवायची का, बदलीच्या स्थानकावर किती फलाट हवेत, कुठल्या पट्ट्यावर किती गाड्या लागतील. रेल्वेचे वेळापत्रक आखणाऱ्या कोणालाही हे प्रश्न ओळखीचे वाटतील.

या बदलाला काही खेळाडूंनी दिलेले उत्तर अधिक बोलके आहे. मागणी आवरत नाही म्हणून त्यांनी जाळी एकमेकांपासून तोडून ठेवली. दोन स्थानके शेजारी उभी करायची, पण जोडायची नाहीत, म्हणजे एका जाळ्यातला प्रवासी दुसऱ्या जाळ्यात जाण्याचा विचारच करणार नाही. ज्या कामासाठी रेल्वे असते, तेच काम टाळून कार्यक्षमता राखायची! पण खेळाडूंना दोष देण्यात अर्थ नाही. नफा हाच निकष असेल तर हे उत्तर बरोबरच आहे. चूक असेल तर ती प्रश्नात आहे.

कार्यक्षम कोणासाठी?

हा प्रश्न आपल्याकडे खेळाच्या कितीतरी आधी विचारला गेला आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेली गाडी ज्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची होती, तिला १८४९ च्या करारान्वये भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी होती आणि तिचा भार हिंदुस्थानच्या महसुलावर होता. घाट ओलांडण्यामागे आतल्या मुलखातला कापूस बंदरावर आणण्याची निकड मोठी होती. भागधारकाच्या नजरेने ती रेल्वे यशस्वीच होती. दादाभाई नवरोजी, गणेश व्यंकटेश जोशी यांच्या पिढीने त्या यशाला प्रश्न केला तो लाभाचा : रूळ आमच्या जमिनीवर, व्याज आमच्या करातून, मग फायदा कोणाचा? त्यांनी रेल्वेच्या तंत्रावर आक्षेप घेतला नाही, हिशेबाच्या वहीवर घेतला.

‘ओपनटीटीडी’ची वही भागधारकाचीच आहे. तिच्यात गावाला एकच आवाज आहे, स्थानिक प्रशासनाच्या मताचा. झाडे तोडली, घरे पाडली तर ते मत बिघडते. मग खेळाडू गावाभोवती झाडे लावतो आणि ते सुधारते. लाच देण्याचीही सोय आहे, पकडले गेलात तर नुकसान. पाडलेल्या घरातली माणसे कुठे गेली, ही नोंद कुठल्याच रकान्यात नाही. हे सगळे थोड्या मिस्कीलपणे केलेले आहे हे खरे. तरी शेकडो तास खेळल्यावर तो मिस्कीलपणा विरतो आणि सवय तेवढी उरते.

म्हणून खेळ वाईट ठरत नाही. जंक्शन, सिग्नल आणि गाड्यांच्या रांगेचे जे ज्ञान तो देतो ते खरे आहे, आणि हाताने करून पाहिल्यामुळे ते मनात पक्के बसते. त्याहून मोठी गोष्ट अशी की हा खेळ खुला असल्यामुळे त्यातले गृहीतक बदलता आले. मूळ कर्त्याने न विचारलेला प्रश्न, प्रवासी कुठे निघाला होता हा, वीस वर्षांनी खेळाडूंपैकीच कोणीतरी विचारला आणि त्याचे उत्तर प्रोग्रॅममध्ये लिहून दाखवले. विकत मिळणाऱ्या बंदिस्त खेळाच्या वाट्याला हे भाग्य सहसा येत नाही.

मात्र ती सोय आजही आपोआप सुरू नसते. नवा खेळ उघडला की प्रवासी पुन्हा बिनपत्त्याचा असतो आणि खेळाडूला सेटिंगमध्ये जाऊन, ती सोय शोधून सुरू करावी लागते. या खेळात नव्याने शिरणाऱ्याने पहिली काही जाळी मूळ नियमांनी जरूर बांधावीत. सिग्नलांची भाषा तिथेच नीट कळते. त्यानंतर त्याच नकाशावर ती सोय सुरू करावी, आपले जाळे कुठे तुंबते ते पाहावे आणि मगच त्याला कार्यक्षम म्हणायचे की नाही ते ठरवावे.