रहदारी, वाहतूक आणि पादचारी : नगर-प्रशासनाच्या मराठीची एक चिकित्सा

रस्त्याने चालणाऱ्या माणसाला प्रशासनाची मराठी 'पादचारी' म्हणते आणि वृत्तपत्रांनीही तेच नाव स्वीकारले आहे. गोंदियाच्या बाजारात मात्र माणूस 'पायदळ' जातो. प्रमाण मराठीत 'पायदळ' हे सैन्याचे एक अंग. विदर्भाच्या बोलण्यात ते क्रियाविशेषण असून हिंदीतील 'पैदल'शी त्याचे साहचर्य उघड आहे. प्रश्न केवळ शब्दभेदाचा असता, तर बोलीच्या अभ्यासकाने त्याची नोंद करून पुढे जाण्यास हरकत नव्हती. परंतु येथे प्रश्न वाक्याचा आहे. नगरातील रस्त्यांविषयी जे प्रशासकीय व वृत्तपत्रीय गद्य रोज लिहिले जाते, त्यात चालणाऱ्या माणसाला कोणते स्थान मिळते, हे तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे की, हे गद्य त्याला नाव देते, पण हक्कदाराचे स्थान देत नाही. आणि ज्याच्यावर कर्तव्य आहे त्याला ते वाक्यातून वगळते.

या विवेचनासाठी महानगराऐवजी गोंदिया का निवडले, हे सांगणे अवश्य आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे हे मुख्य ठिकाण हावडा-मुंबई लोहमार्गावरील जंक्शन असून वस्ती रुळांच्या दोन्ही अंगांस पसरलेली आहे. बाजार, दवाखाना, शाळा, स्थानक यांपैकी पुष्कळ अंतरे पायांनी तोडता येण्याजोगी आहेत. दुसरे कारण भाषिक आहे. येथे मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी व गोंडी या भाषा-बोली एकमेकींच्या शेजारी नांदतात. राजभाषा अधिनियम १९६४ चा असला, तरी स्थानिक संस्थांच्या कामकाजात मराठी अनिवार्य करणारा स्वतंत्र कायदा २०२२ मध्ये झाला. नगरपरिषदेने मराठीत लिहिले पाहिजे, हे त्यामुळे निश्चित झाले. पण ती मराठी कशी असावी, हा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो.

(१)

'रहदारी' आणि 'वाहतूक' हे दोन शब्द आज समानार्थी म्हणून वापरले जातात. त्यांची कुळे मात्र भिन्न आहेत. 'रहदारी' फारसीतून आला. जुन्या राज्यव्यवहारात तो मार्गावरील जकात किंवा जाण्यायेण्याचा परवाना या अर्थी होता आणि पुढे मराठीत त्याला ये-जा असा अर्थ आला. ये-जा करणारा घोड्यावर आहे, गाडीत आहे की पायी आहे, याच्याशी या शब्दाला कर्तव्य नाही. 'वाहतूक' हा 'वाहणे' या धातूपासून झालेला. एका ठिकाणचे ओझे दुसऱ्या ठिकाणी नेणे हा त्याचा गाभा. डोक्यावर मोळी घेऊन येणारी बाई मूळ अर्थाने वाहतूकच करीत असते. तथापि आधुनिक नगरभाषेत हा शब्द यांत्रिक वाहनांच्या प्रवाहापुरता संकोचला. रस्त्याच्या व्यवहाराचे नियंत्रण 'वाहतूक शाखे'कडे आले आणि 'रहदारी' मागे पडली, तेव्हा एक सूक्ष्म फेरबदल घडला. रहदारीत पायी चालणारा मोडत होता. वाहतुकीत तो मोडत नाही. 'वाहतुकीस अडथळा' या पदबंधात मात्र त्याला हमखास जागा मिळते.

तिसरा शब्द 'वहिवाट' हा आहे. 'वाट' हा त्याचा घटक आजही स्पष्ट दिसतो. सतत वापरामुळे ठरून गेलेल्या रीतीला व त्यातून निपजणाऱ्या हक्काला हा शब्द मिळाला. ग्रामीण महसुली कायद्यात हा विचार अद्याप जिवंत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खाली शेताच्या बांधावरून जाण्याच्या वाटेचा दावा तहसीलदारापुढे मांडता येतो. कलम १६५ मधील 'वाजिब-उल-अर्ज'मध्ये गावच्या वाटेचा हक्क नोंदविता येतो. पूर्वीच्या मध्यप्रांतातून महाराष्ट्रात आलेल्या या जिल्ह्यात 'निस्तार' हा शब्द शेतकऱ्यास आजही परका नाही. म्हणजे सालेकसा किंवा देवरी तालुक्यातील शेतकरी बांधावरून चालतो तेव्हा मराठी त्याच्याविषयी हक्काच्या भाषेत बोलते. तोच शेतकरी गोंदियात येऊन जयस्तंभ चौकात रस्ता पार करू लागला, की ती त्याच्याविषयी 'सुविधे'च्या भाषेत बोलू लागते. सुविधा दिली जाते, वाढविली जाते, निधीअभावी लांबणीवरही टाकली जाते. हक्काच्या बाबतीत ही क्रियापदे चालत नाहीत.

(२)

'अतिक्रमण' हा नगर-राजकारणातील अत्यंत वजनदार शब्द होय. त्यातील 'क्रम्' धातूचा मूळ अर्थ पाऊल टाकणे असा आहे. अतिक्रमण म्हणजे मर्यादेपलीकडे टाकलेले पाऊल. आज तो प्रामुख्याने हातगाडी, टोपली व टपरी यांना लागतो. पदपथावर किंवा त्याच्या कडेला तासन्‌तास उभ्या राहिलेल्या मोटारीला तो क्वचितच लागतो. तिच्यासाठी 'पार्किंगची समस्या' असा निराळा पदबंध आहे. दोन्ही वस्तू एकच जागा अडवितात. परंतु पहिल्या पदबंधात वस्तूचा मालक दोषी ठरतो, तर दुसऱ्यात तो पीडित ठरतो. पथविक्रेत्यांची उपजीविका व तिचे विनियमन यांविषयी २०१४ मध्ये केंद्रीय कायदा झाला. सर्वेक्षण, नगर पथविक्रेता समिती व विक्रीक्षेत्रे यांची तरतूद त्यात आहे. तरीही जोपर्यंत नगरपरिषदेच्या नोटिशीत विक्रेता 'अतिक्रमणधारक' आणि मोटार 'समस्या' राहते, तोपर्यंत चालणारा व विकणारा यांच्यात भांडण लावून तिसऱ्याला नामानिराळे ठेवण्याचे कार्य भाषा आपोआप पार पाडीत असते.

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम ४९ मध्ये सार्वजनिक रस्ते बांधणे व सुस्थितीत ठेवणे, त्यांवर दिवाबत्ती करणे आणि त्यांतील अडथळे दूर करणे ही नगरपरिषदेची कर्तव्ये सांगितली आहेत. अधिनियमात कर्ता स्पष्ट आहे : कर्तव्य नगरपरिषदेचे. प्रत्यक्ष नोटिशीपर्यंत येताना तो गळून पडतो. 'कारवाई करण्यात येईल', 'दुरुस्तीचे काम हाती घेण्यात आले आहे', 'नागरिकांनी सहकार्य करावे' ही त्या गद्याची ठरीव वाक्ये होत. पहिल्या दोहोंत '-ण्यात येणे' ही रचना आहे. वैयाकरण जिला नवीन कर्मणी म्हणतात, त्या रचनेत 'कडून' लावून कर्ता सांगण्याची सोय असते. कार्यालयीन लेखक ती सोय सहसा घेत नाही. तिसऱ्या वाक्यात मात्र कर्ता ठळकपणे हजर आहे आणि तो नागरिक आहे. कर्तव्य ज्याचे तो अदृश्य आणि ज्याचा हक्क त्याला विध्यर्थी आज्ञा, अशी ही विभागणी आहे.

या व्याकरणाचा राजकारणाशी संबंध आहे. मुदत संपूनही निवडणुका न झाल्यामुळे २०२२ च्या सुमारापासून गोंदियासह राज्यातील अनेक नगरपरिषदांचा कारभार प्रशासकांकडे होता. निवडणुकांचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ मधील आदेशानंतर मोकळा झाला आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात मतदान झाले. मधल्या काळात 'करण्यात येईल' या वाक्यामागे मतदाराला जाब विचारता येईल असा कर्ता व्यवहारातही उरला नव्हता. आता निवडून आलेले सदस्य आहेत. वाक्य मात्र तेच राहिले, तर सदस्य बदलल्याचा लाभ चालणाऱ्यास होणार नाही.

(३)

मृत्यूच्या वृत्तात हा दोष सर्वांत तीव्रपणे प्रकट होतो. केंद्रीय मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी जवळजवळ एक-पंचमांश पायी चालणारी होती. अशा मृत्यूचे मराठी वृत्त बहुधा ठरलेल्या साच्यात येते : रस्ता ओलांडताना अज्ञात वाहनाच्या धडकेत पादचारी ठार. या साच्याचे पदशः पृथक्करण करून पाहावे. चालणाऱ्याची एकच क्रिया सांगितली आहे, ओलांडण्याची. ती '-ताना' या कृदन्ताने आरंभी आल्यामुळे कारणासारखी भासते. शिवाय 'ओलांडणे' या क्रियापदाला मर्यादाभंगाची छटा आहेच. 'अज्ञात' हे विशेषण वाहनाला लागले आहे. चालक अज्ञात म्हणूनही वाक्यात येत नाही. रस्ता रुंद होता की अरुंद, तेथे दिवा व पदपथ होता किंवा नाही, याला साच्यात जागाच नाही. पोलिसी कागदांतील 'भरधाव, हयगयीने व निष्काळजीपणाने' हा प्रघात निदान चालकापर्यंत पोचतो. रस्ता बांधणाऱ्यापर्यंत तोही पोचत नाही. वस्तुतः मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८-अ रस्त्याच्या सदोष रचनेबद्दल दंडाची तरतूद करते. वृत्तलेखनाच्या मराठीने या कलमाची दखल घेतल्याचे दिसत नाही.

वाहनातील प्रवाशांच्या बाबतीतही असाच अनुभव येतो. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी सडक-अर्जुनी तालुक्यात, कोहमाऱ्याहून गोंदियाकडे येणाऱ्या मार्गावर शिवशाही बसच्या अपघातात अकरा जणांचा मृत्यू झाला. 'बस उलटली' असे आपण म्हणतो. 'उलटणे' अकर्मक आहे. क्रिया घडते, ती कोणी वा कशाने घडविली हे व्याकरण विचारीत नाही. 'अपघात' या शब्दात 'घात', म्हणजे 'हन्' धातू, निदान सुप्त रूपाने तरी आहे. गोंदियात तितक्याच प्रमाणात ऐकू येणाऱ्या हिंदी 'दुर्घटना'त केवळ 'घडणे' आहे. 'अपघात' उच्चारताना त्यातला घात आपल्या कानांस जाणवत नाही, एवढे तो शब्द झिजला आहे.

मुंबईचे एक उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर २३ माणसे मृत्युमुखी पडली. या घटनेला मराठीने 'चेंगराचेंगरी' म्हटले. 'मारामारी', 'हाणाहाणी' यांच्याप्रमाणे हे परस्परक्रियावाचक नाम आहे. परस्परांना मारले म्हणजे मारामारी. त्या न्यायाने मृतांनी परस्परांना चेंगरले असा अर्थ निघतो. गर्दीच्या मानाने अरुंद असलेला जिना व पूल शब्दाच्या बाहेर राहतात.

(४)

यावर एक आक्षेप संभवतो. कार्यालय बोलते ते व्यक्ती म्हणून नव्हे, तेव्हा त्याच्या भाषेत कर्तृनिरपेक्षता असणे स्वाभाविक आहे. आणि नोटीस सुधारल्याने पदपथ रुंद होत नाही, असे कोणी म्हणेल. आक्षेपाचा उत्तरार्ध खरा आहे. रस्ता सिमेंटाने होतो, क्रियापदाने होत नाही. परंतु काम झाले नाही तर कोणाला विचारावयाचे, हे वाक्यानेच ठरते. पूर्वार्धाला पुण्याचे उदाहरण उत्तर देते. पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा होऊ लागला. एका दिवसाच्या समारंभाने रस्ते सुरक्षित होतात असे कोणी म्हणणार नाही. परंतु 'पादचारी' हाच संस्कृत शब्द धोरणाच्या शीर्षस्थानी आला, की नियोजनाचा प्रारंभ त्याच्यापासून करणे भाग पडते. तेव्हा शब्द निर्दोष आहे. त्याला वाक्यात कोठे बसवितात, यावर सर्व अवलंबून आहे.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा वापर हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील पादचाऱ्यांचा हक्क असल्याचे सांगितले, आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला राज्यांना मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३८(१-अ) खाली नियम करण्याचा आदेश दिला. हे नियम मराठीत येतील आणि नगरपरिषदांच्या ठरावांत व नोटिशींत उतरतील. त्या टप्प्यावर 'हक्क' पुन्हा 'सुविधा' होऊ नये, याची काळजी भाषेच्या जाणकारांनी घेतली पाहिजे. त्यासाठी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. नोटिशीत कर्ता व मुदत लिहावी : नगरपरिषद अमुक दिनांकापर्यंत अमुक अडथळा काढील. 'वाहतूक' हा शब्द वाहनांपुरता ठेवून सर्वांच्या ये-जेसाठी 'रहदारी' पुन्हा रूढ करावा. अपघाताच्या वृत्तात व नोंदीत रस्त्याची स्थिती, म्हणजे पदपथ, दिवा व ओलांडण्याची जागा, यांना नियमित स्थान द्यावे.

विद्यार्थ्यांपुढे येथे मोठे कार्यक्षेत्र आहे. जिल्ह्यातील नगरपरिषदांच्या नोटिसा व ठराव जमवून त्यांतील कर्तृलोपाची मोजणी करणे, पायी चालण्याविषयीचे बोलीशब्द नोंदविणे आणि हिंदी-मराठी वृत्तांची तुलना करणे, यांपैकी कोणतेही काम एका प्रबंधिकेस पुरेसे आहे. विदर्भाच्या बोलीने 'पायदळ' या सैन्यवाचक शब्दातून साध्या चालणाऱ्या माणसाचे काम भागविले आहे. प्रमाण मराठीत मात्र आज 'पायदळी' म्हटले की 'तुडविणे' हेच क्रियापद प्रथम आठवते. या दोन प्रयोगांपैकी नगरपरिषदेच्या नोटिशीतील वाक्य कोणत्या प्रयोगाच्या जवळ जाते, ही कसोटी प्रत्येक मसुद्यास लावून पाहण्याजोगी आहे.