उसनी गोष्ट, स्वतःची माती

एका भाषेतला चित्रपट दुसऱ्या भाषेत गेला की दोन तक्रारी ऐकू येतात. ‘त्यांनी आमचे उचलले’ ही एक आणि ‘मूळची सर नाही’ ही दुसरी. आपल्या सीमाभागात पहिली जरा चढ्या आवाजात होते. मला मात्र दुसरीच विचार करण्याजोगी वाटते.

युरोप म्हणजे कला आणि हॉलिवूड म्हणजे धंदा, अशी सोयीची वाटणी आपण करतो. प्रत्यक्षात तिथली देवघेव जुनी आहे. जर्मनीच्या मुर्नाव यांनी ‘सनराइज’ (१९२७) हॉलिवूडमध्येच केला. गोदार यांनी ‘ब्रेथलेस’ (१९६०) हा चित्रपट मोनोग्राम या स्वस्त चित्रपट काढणाऱ्या अमेरिकन कंपनीला अर्पण केला. त्याचा फ्रेंच नायक हम्फ्री बोगार्टची ढब उचलतो, पण हिंडतो पॅरिसच्या रस्त्यांवर. परक्या स्वप्नाला भुललेला माणूस, हे त्या चित्रपटाचे मर्म. १९८३ साली अमेरिकेने तीच गोष्ट पुन्हा केली. आता नायक अमेरिकन आणि मुलगी फ्रेंच. गोष्ट शाबूत राहिली, मर्म निसटले.

हीच कसोटी नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ला (२०१६) लावावी. कन्नड ‘मनसु मल्लिगे’मध्ये (२०१७) नायिका रिंकू राजगुरूच होती. पण आर्चीचा दरारा नुसत्या चेहऱ्यात नव्हता, तो करमाळ्याकडच्या बोलीत होता. तितकाच रांगडेपणा आपल्याकडच्या कन्नडातही आहे. चेहरा नेला तरी त्या बोलीवाचून आर्ची उभी राहत नाही. हिंदी ‘धडक’ (२०१८) उदयपूरला गेला. तिथे हवेली आली, खानदान आले आणि जात मागे सरली. शेवटही बदलला. ‘सैराट’मध्ये आईबाप मारले जातात आणि रक्ताची पावले उमटवत मूल उरते, म्हणजे प्रश्न पुढच्या पिढीच्या पदरात पडतो. ‘धडक’मध्ये नवरा आणि मूल जातात, मुलगी उरते. दुःख उरते, प्रश्न उरत नाही.

उसने घेण्यात कमीपणा नाही. उसन्या बियाण्याला आपली माती न देण्यात आहे. सांबऱ्यासारख्या गावांत कानांवर दोन्ही भाषा पडतात. हे नशीब सर्वांना लाभत नाही. ‘कोणाचे उचलले’ याचा हिशेब ठेवण्यापेक्षा ‘काय निसटले’ हे आपण नेमके सांगू शकतो. ते काम आपले आहे, आणि ते दोन्ही भाषांच्या उपयोगाचे आहे.