शक 782 की 982? : 'स्थानिक वारसा' या विषयावरच्या सिनॉप्सिसवर थोडी टीका

पेट पास झालात, विषय 'स्थानिक वारसा' घेतलात आणि क्षेत्र अंबरनाथ-उल्हासनगर-बदलापूर असेल, तर तुमचा सिनॉप्सिस कसा सुरू होणार हे मी न वाचता सांगू शकते. पहिला परिच्छेद शिलाहारांचा, दुसरा भूमिज शैलीचा, तिसरा 'वारशाकडे होत असलेल्या दुर्लक्षा'चा. उल्हासनगर पार्श्वभूमीत दोन ओळी. बदलापूर फक्त घोडे बदलण्याच्या गोष्टीपुरतं. माझा पहिला मसुदा अगदी असाच होता, त्यामुळे ही टीका आधी माझ्यावरच आहे.

देवळापासून सुरू करू. अंबरनाथच्या शिवालयातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वाचला तेव्हा त्यांना शक 782 दिसला, म्हणजे इ.स. 860. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा वाचला आणि आकडा 982 आहे असं दाखवलं, म्हणजे इ.स. 1060. एका अंकाने देऊळ दोनशे वर्षं अलीकडे आलं आणि शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात नीट बसलं. भगवानलाल भाऊ दाजींच्याच हाताखाली कितीतरी वर्षं काम केलेले. गाइडने काढलेली तारीख चुकली आहे, असं आपल्यापैकी किती जण लिहू शकतील?

लिटरेचर रिव्ह्यूमध्ये आपण हा प्रसंग 'अमुक यांच्या मते, तर तमुक यांच्या मते' असा उरकून टाकतो. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ही दुरुस्ती मुळात करता का आली? दगड जागेवर होता म्हणून. दुसरा माणूस जाऊन तीच अक्षरं स्वतःच्या डोळ्यांनी बघू शकला. वास्तू जपण्याची कारणं विचारली की आपण अस्मिता, पर्यटन, पुढच्या पिढ्या वगैरे लिहितो. संशोधकाला याहून साधं कारण पुरेसं आहे. वास्तू उभी असली की आपली चूक कोणाला तरी पकडता येते.

आता वालधुनीच्या काठाने खाली या. देवळाशेजारून वाहणारी हीच नदी पुढे उल्हासनगरातून जाते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींमध्ये उतरवलं गेलं. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं उल्हासनगर झालं, पण पत्ता आजही 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' असाच सांगितला जातो. 1954 च्या निर्वासित पुनर्वसन कायद्यानंतर खोल्या राहणाऱ्यांच्या नावावर होऊ लागल्या, सनदा मिळाल्या. मग एकेका खोलीची गोष्ट सुरू झाली. पुढचा ओटा आत घेतला, दर्शनी भागात दुकान आलं, वर माळा चढला, पत्रा जाऊन स्लॅब पडला. लांबलचक बराक अशी खोलीखोलीने नाहीशी होत जाते. पाडली असं कोणी म्हणत नाही, कारण एका दिवसात काहीच पडत नाही.

सिनॉप्सिसमध्ये हे 'वारसा' म्हणून का येत नाही? उत्तर तयार असतं: कायद्यात बसत नाही. 1958 च्या केंद्रीय कायद्यात प्राचीन स्मारकाला किमान शंभर वर्षांची अट आहे. देऊळ त्यात बसतं, त्याच्याभोवती 100 मीटर बांधकामाला मनाई आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रण असतं. छावणीला शंभर वर्षं होतील 2040 नंतर. पण कायद्यातली व्याख्या आपण आपल्या प्रकरणाची व्याख्या म्हणून उचलली, ही चूक कायद्याची नाही, आपली आहे. मुंबईतल्या आर्ट डेको इमारती, बऱ्याचशा 1930 च्या दशकातल्या, 2018 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. त्यांनाही शंभर वर्षं झालेली नव्हती. फरक इतकाच, की त्या इमारती बघायला सुंदर आहेत आणि बराक नाही.

बदलापूरची घोड्यांची गोष्टही याच नजरेने बघा. ती खरी की खोटी यात सहा पानं घालवू नका. कोण सांगतं, कोणत्या पिढीपासून, कोणत्या रस्त्याचा संदर्भ देऊन, हे लिहा.

इथपर्यंत मसुदा दुरुस्त केला आणि मला वाटलं जमलं. 'बराकींचे जतन' असं शीर्षकही टाकलं. मग लक्षात आलं की ते शीर्षक बराकीत न राहणाऱ्या माणसाचं आहे. पडदा किंवा पातळ भिंत घालून ज्या खोल्यांमध्ये कुटुंबांनी संसार केले, त्यातून बाहेर पडायला ज्यांनी पैसा पैसा जोडला, त्यांना 'जुनी भिंत राहू द्या' म्हणायचा अधिकार मला कोणी दिला? स्लॅब टाकणं हा त्यांच्या पुनर्वसनाचाच पुढचा भाग आहे. शीर्षकातलं 'जतन' खोडून मी 'नोंद' केलं. खोलीची मापं, छपराचा उतार, मूळ भिंत कोणती आणि नंतरची कोणती, सनदेवरचं क्षेत्रफळ, फोटोवर तारीख. (सिंधी वाचायला शिकाच, आणि देवनागरीवर थांबू नका. जुन्या पिढीचे कागद अरबी वळणाच्या लिपीत असतात. मी हे दोन वर्षं टाळलं आणि तेवढे महिने वाया गेले.)

पण नोंदीलाही धार असते. उल्हासनगरात अनधिकृत बांधकामाचा प्रश्न इतका मोठा की 2006 मध्ये शहरासाठी नियमितीकरणाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा ठिकाणी 'सनदेत इतकं, प्रत्यक्षात इतकं' असा खोली क्रमांकासह तक्ता छापला, तर तो माझ्यासाठी परिशिष्ट आहे, त्या घरासाठी मात्र नोटिशीचं कारण होऊ शकतो. क्रमांक काढले तर माझं मोजमाप तपासायला कोणी जाऊ शकत नाही. भगवानलालांना जी सोय होती, ती माझ्या नंतर येणाऱ्याला मी देत नाही. वर ज्या कारणासाठी एवढं लिहिलं, तेच कारण इथे माझ्या विरोधात जातं.

सध्या माझ्याकडे दोन वह्या आहेत. एकीत मापं आणि सांकेतिक क्रमांक, दुसरीत कोणता क्रमांक कोणाच्या घराचा ते. पहिली प्रबंधात जाईल. दुसरी विद्यापीठात बंद पाकिटात ठेवावी, ठरावीक वर्षांनी उघडावी, असं मी सुचवलं आहे. समितीने विचारलं, किती वर्षांनी? मी तीस म्हटलं. मग घरी येऊन हिशोब केला, तोवर त्यातल्या किती खोल्या त्याच जागी असतील.